मुंबई–नागपूर: अंतर ६८३ किलोमीटर, मग तिकिटावर दीड तासाहून जास्त वेळ का?

रानजाई

नमस्कार. माझे वडील नागपूरला धरमपेठेत राहतात. त्यांचे वय ८१ आहे आणि हृदयाच्या उपचारांसाठी दर सहा आठवड्यांनी त्यांना मुलुंडला माझ्याकडे आणावे लागते. डॉक्टरांची अट एकच आहे: त्यांना सलग अडीच तासांहून जास्त एका जागी बसवायचे नाही, कारण त्यांच्या पायांवर सूज चढते.

मागच्या खेपेला आम्ही सकाळी साडेनऊच्या विमानाने निघालो. दार बंद झाले, पट्टे बांधून झाले आणि विमान जागचे हलेना. बाहेर स्वच्छ ऊन पडले होते. वैमानिकाने ‘मुंबईकडून परवानगी नाही’ एवढेच सांगितले आणि विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना त्यापलीकडे काही सांगता आले नाही. ५० मिनिटांनी विमान निघाले. मुंबई जवळ आल्यावर खिडकीतून एकाच धरणाचे पाणी मी तीनदा पाहिले. उतरेपर्यंत बाबांचे घोटे मोज्याच्या कडेवरून फुगून बाहेर आले होते. मी हिशेब केला, तेव्हा ते त्या खुर्चीत ३ तास २० मिनिटे बसून होते.

आता माझा प्रश्न. एका संकेतस्थळावर मुंबई–नागपूर हवाई अंतर ६८३ किलोमीटर दिले आहे. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या वर असतो असे आपण सगळेच ऐकतो. सरळ भागाकार केला तर ५०-५१ मिनिटे येतात. तिकिटावर मात्र १ तास ३५ मिनिटे लिहिलेली असतात आणि प्रत्यक्षात कधी त्याच्या दुप्पट लागतात. हा मधला वेळ नेमका कुठे जातो आणि त्यातला कोणता भाग आपल्याला टाळता येतो, हे जाणकारांनी समजावून सांगावे अशी विनंती आहे.

भूमिती

रानजाई ताई, सुरुवात अंतरापासून करते, कारण निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे दिसतात आणि ते सगळे आपापल्या जागी बरोबर असतात. ६८३ किलोमीटर हे दोन विमानतळांमधले पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत लहान अंतर आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी स्वतः गणित केले, उत्तर तेवढेच आले. नाविक मैलांत ते सुमारे ३६९ होते; एक नाविक मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर आणि वैमानिक याच मापात बोलतात. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे, पण तो भिवंडीजवळच्या आमणे येथून सुरू होतो, मुंबईच्या मध्यातून नव्हे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नागपूर हे रेल्वेचे अंतर ८३७ किलोमीटर आहे, कारण रूळ कसारा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असे वळत जातात.

लांबच्या प्रवासात गोलाईमुळे फार फरक पडतो. मुंबई–लंडनचा मार्ग सपाट नकाशावर वाकडा दिसतो, पण गोलावर दोरा ताणून पाहिला तर तोच सरळ असतो. मुंबई–नागपूर एवढ्या पल्ल्यात मात्र सपाट नकाशावरची रेघ आणि गोलावरची रेघ यांत जाणवण्यासारखा फरक नाही. तेव्हा तुमचा ६८३ हा आकडा पक्का धरा. चूक भागाकारात आहे, कारण त्यात वेग पूर्ण वेळ एकच धरलेला आहे.

एक गोष्ट जाता जाता सांगते. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. म्हणजे नागपूरचा सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे पुढे असतो. घड्याळ दोन्हीकडे एकच असल्यामुळे तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी करता येते. मुंबई–लंडनच्या तिकिटावर तशी वजाबाकी केली तर उत्तर चुकते, कारण मध्ये साडेपाच तासांचा फरक असतो आणि तिकडे उन्हाळ्यात घड्याळे पुढे केली की तो साडेचार तासांचा होतो.

उत्तरवारा

मी एअरबस ३२० जातीच्या विमानांवर सहवैमानिक आहे आणि या मार्गावर अनेकदा गेलो आहे. भागाकार कुठे चुकतो ते आकड्यांत सांगतो.

ताशी ८३० किलोमीटरच्या आसपासचा वेग विमानाला वर पोहोचल्यावर मिळतो. ३३ ते ३५ हजार फुटांवर पोहोचायला भरलेल्या विमानाला साधारण २० मिनिटे लागतात आणि तेवढ्यात ते २०० किलोमीटरच्या थोडे पुढे गेलेले असते. उतरण्याचे गणित आम्ही ढोबळ मानाने असे करतो की, दर हजार फुटांना तीन नाविक मैल लागतात. ३५ हजार फुटांवरून उतरायचे तर १०५ नाविक मैल, म्हणजे जवळजवळ १९५ किलोमीटर आधीच उतरायला सुरुवात करावी लागते. शिवाय १० हजार फुटांखाली वेगाची मर्यादा २५० नॉट असते, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर. आणि धावपट्टीच्या रांगेत आल्यावर वेग त्याच्या निम्म्यापर्यंत खाली येतो.

आता ६८३ मधून चढण आणि उतरण वजा करा. पूर्ण वेगाने कापायला २६०-२७० किलोमीटर उरतात आणि त्यांना १९-२० मिनिटे पुरतात. नाश्त्याची गाडी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच आमची उतरण सुरू होते, ती यामुळेच. चाके जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत या मार्गावर साधारण ६५ ते ७० मिनिटे लागतात. यापेक्षा फार कमी वेळात कोणतेही प्रवासी विमान हे अंतर कापणार नाही.

तिकिटावरची वेळ मात्र चाके उचलण्याची नसते. विमान जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हा घड्याळ सुरू होते आणि ते दुसऱ्या टोकाला जागेवर थांबते तेव्हा बंद होते. याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. मुंबईत जागेवरून धावपट्टीपर्यंत जायला १५-२० मिनिटे सहज लागतात, नागपूरला ५-७ मिनिटे. त्यावर कंपन्या थोडा राखीव वेळ ठेवतात, कारण वेळेवर पोहोचण्याची नोंद ठेवली जाते आणि १५ मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ धरला जातो. अशा रीतीने १ तास ३५ मिनिटे होतात.

वाऱ्याबद्दलही लोक विचारतात. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून मुंबईहून नागपूरला जाताना तो पाठीशी असतो आणि येताना समोरून येतो. पण पूर्ण वेगाचा पल्लाच २० मिनिटांचा असल्याने फरक चार-पाच मिनिटांपलीकडे जात नाही. लंडनच्या प्रवासात मात्र हाच वारा जाण्या-येण्याच्या वेळेत तासाभराचे अंतर पाडतो.

ध्रुवतारा

मी हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. उत्तरवारा यांनी हवेतला हिशेब चोख मांडला आहे. रानजाई ताईंची ५० मिनिटे आणि धरणाच्या तीन फेऱ्या कुठून आल्या ते मी सांगतो, कारण प्रवाशांना ते कोणी नीट सांगत नाही आणि त्यांनी चिडावे हे साहजिकच आहे.

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवता-चढवता येत नाहीत आणि व्यवहारात मुख्य धावपट्टी एकच असते. त्या एका पट्टीवर गर्दीच्या वेळी ताशी पंचेचाळीसच्या आसपास विमाने चढतात-उतरतात. म्हणजे दर ८० सेकंदांना एक. यात एखादे विमान धावपट्टीवरून बाहेर पडायला अर्धा मिनिट रेंगाळले, तरी मागच्याला पुन्हा वर जावे लागते, आणि ते एक विमान रांगेत पुन्हा बसवताना मागच्या सगळ्यांचे वेळापत्रक सरकते.

पूर्वी अशी गर्दी झाली की विमाने मुंबईच्या भोवती आकाशात फिरत राहायची. या फिरण्याला ठरलेला आकार असतो: लांबट वर्तुळ, दोन सरळ बाजू एकेका मिनिटाच्या आणि दोन वळणे एकेका मिनिटाची. एक फेरी चार मिनिटांची होते. तुम्हाला एकच धरण तीनदा दिसले याचा अर्थ तुमचे विमान अशा फेऱ्यांत आठ-दहा मिनिटे होते. हवेत फिरताना इंधन जळत राहते आणि राखीव साठा संपत आला की विमान अहमदाबाद किंवा गोव्याकडे वळवावे लागते. म्हणून आता दिल्लीच्या केंद्रातून देशभरातल्या विमानांचा ओघ आधीच आखला जातो. मुंबईत उतरायला अमुक वाजता जागा आहे असे दिसले की त्यातून प्रवासाची मिनिटे वजा करून उड्डाणाची वेळ नागपूरच्या विमानाला दिली जाते आणि तोवर ते जमिनीवर थांबवले जाते. नागपूरचे आकाश स्वच्छ असते, विमान ठणठणीत असते, सगळे प्रवासी बसलेले असतात. अडचण ६८३ किलोमीटरवर असते. विमानतळावरची जागा पुढच्या विमानासाठी मोकळी करायची असल्याने आणि मिळालेली वेळ चुकू नये म्हणून प्रवाशांना आधीच आत बसवून घेतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण ८१ वर्षांच्या माणसाच्या पायांना ते सोसत नाही, हेही तितकेच खरे आहे.

एक दिशाभेद लक्षात ठेवा. मुंबईत बहुतेक वेळा विमाने पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात आणि त्याच दिशेने जुहूवरून समुद्रावर उडतात. नागपूरहून येणारे विमान त्यामुळे बऱ्यापैकी सरळ रेषेत घाट ओलांडून धावपट्टीवर येते. नागपूरला जाणारे विमान मात्र आधी अरबी समुद्रावर जाते आणि मग वळून पूर्वेची वाट धरते. जाताना पाच-सात मिनिटे तिथे खर्च होतात, येताना ती वाचतात. पण येताना मुंबईच्या रांगेत उभे राहावे लागते. म्हणून दोन्ही दिशांचे अंतर एकच असले, तरी प्रवास एकसारखा होत नाही.

सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ या मुंबईच्या सर्वांत गर्दीच्या वेळा. वडिलांना आणताना मुंबईत आठच्या आत चाके टेकतील असे विमान निवडा. साडेनऊला नागपूरहून निघालात की तुम्ही गर्दीच्या वेळेतच येता.

संत्रानगरी

ध्रुवतारा काकांच्या सल्ल्यात नागपूरकर म्हणून एका गोष्टीची भर घालतो. एसटीची जशी मुक्कामी गाडी असते, तसे विमानही मुक्कामी असते. जे विमान रात्री नागपूरला येऊन थांबते आणि पहाटे निघते, त्याला आधीच्या फेरीचा उशीर लागत नाही. दुपारचे विमान त्या दिवशी तीन-चार शहरे फिरून आलेले असते आणि प्रत्येक ठिकाणची दहा-पंधरा मिनिटे पाठीवर घेऊन येते. तिकीट काढण्याआधी त्या क्रमांकाचे विमान आधी कुठून येते ते पाहण्याची मला सवय लागली आहे, आणि तिचा उपयोग होतो.

एप्रिल-मेमध्ये तर दुपारचे विमान नकोच. पारा ४५ च्या पुढे गेला की तापलेल्या जमिनीवरून हवा उसळ्या मारते आणि चढताना-उतरताना विमानाला चांगलेच हिसके बसतात. पहाटे हवा शांत असते. आमचा विमानतळ सीताबर्डीपासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. धरमपेठेतून पहाटे वीस मिनिटांत पोहोचाल. मेट्रोचे विमानतळ स्थानक जवळ आहे, पण तिथून आत यावे लागते, म्हणून वडिलांसाठी गाडीच बरी.

विषय नागपूर–मुंबई हवाई वेळेचा आहे, म्हणून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या, म्हणजे आमच्या नागपूर विमानतळाच्या, धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. चौघांत मुंबई सर्वांत जवळ, तरी त्या काळच्या डकोटा विमानाला हे अंतर कापायला अडीच तासांच्या आसपास लागत. माझे आजोबा टपाल खात्यात होते आणि रात्रीच्या त्या घरघरीवरून घरातले लोक वेळ ओळखत, असे ते सांगत.

रुळावरून

ताई, अट बसण्याची आहे, प्रवासाची नाही. म्हणून रेल्वेचा विचार जरूर करा. दुरांतो रात्री निघून सकाळी पोहोचते. साधारण ११ तास. पण त्यातले आठ तास वडील आडवे झोपतील आणि पाय उशीवर ठेवता येतील. ११ तासांचे झोपणे हे साडेतीन तासांच्या बसण्यापेक्षा त्यांच्या पायांना सोपे जाईल, असे मला मनापासून वाटते. वातानुकूलित पहिल्या वर्गात खालची बर्थ मागून घ्या.

घाटमाथा

समृद्धी ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. आठ तास लागतात, पण दर तासाला गाडी थांबवून त्यांना चार पावले चालवता येते. मात्र आमणेपासून मुलुंडपर्यंतचा वेळ त्यात धरू नका. भिवंडीच्या वाहतुकीत तो वेगळाच जातो.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे. दोन-तीन गोष्टी सुचवते. विमानाच्या आतला हवेचा दाब जमिनीइतका नसतो. तो ८ हजार फूट, म्हणजे जवळजवळ २,४०० मीटर उंचीवरच्या दाबापर्यंत खाली गेलेला चालतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज यावा. हृदयरोग असलेल्या माणसाने तेवढ्या उंचीवर तासभर राहणे ठीक आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा, निदान ४८ तास आधी तरी. पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला सर्वांत आधी आत नेतात आणि सर्वांत शेवटी उतरवतात. त्यामुळे तिकिटावर १ तास ३५ मिनिटे असली, तरी त्यांच्या बसण्याचा वेळ पुढून २५-३० मिनिटे आणि मागून १५ मिनिटे धरूनच मोजायला हवा. विमानात शिरण्यापूर्वी दाराशी त्यांना पाच मिनिटे उभे करा, चालवा. जागा मधल्या वाटेकडेची घ्या. विमान जमिनीवर थांबून राहिले आणि पट्ट्याचा दिवा बंद असेल, तर सेविकेला सांगून त्यांना उभे करायला अजिबात संकोच करू नका.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. रुळावरून, आपला मुद्दा अगदी पटला होता आणि गेल्या वर्षी आम्ही रेल्वेनेच आणले होते. पण बाबांना लघवीची गोळी चालू आहे, रात्रीतून चार-पाचदा उठावे लागते आणि चालत्या गाडीत डब्याच्या टोकापर्यंत जाताना ते एकदा पडता पडता वाचले. म्हणून नाइलाजाने विमान.

डॉक्टरांना दाबाबद्दल विचारले. त्यांनी तपासण्या पाहून होकार दिला आणि तसे लिहून दिले. या खेपेला पहाटे सहाचे, मुक्कामी विमान घेतले. वहीत सगळ्या वेळा टिपल्या, त्या इथे देते.

धरमपेठेतून ४:१५ ला निघालो. विमानाच्या दाराशी बाबांना उभे करून चालवले आणि ५:२८ ला ते जागेवर बसले. दार ५:५२ ला बंद झाले. विमान ५:५७ ला मागे ढकलले गेले, ६:०६ ला चाके उचलली. ६:२७ ला पट्ट्याचा दिवा बंद झाला, तेव्हा बाबा उठून मागच्या पडद्यापर्यंत जाऊन आले. ६:४६ ला कानांत दडे बसू लागले, म्हणजे उतरण सुरू झाली होती. उत्तरवारा यांनी सांगितलेली २० मिनिटे मी घड्याळात अक्षरशः पाहिली. एकही फेरी न मारता ७:१३ ला चाके टेकली. विमान ७:२४ ला जागेवर थांबले. व्हीलचेअर ७:४१ ला आली.

हवेत ६७ मिनिटे, तिकिटाच्या हिशेबाने १ तास २७ मिनिटे, आणि बाबांच्या खुर्चीच्या हिशेबाने २ तास १३ मिनिटे. मोजे काढून पाहिले, घोट्यावर फक्त शिवणीची खूण होती.

ध्रुवतारा

फार बरे वाटले. आता परतीचे बघा. मुंबईहून निघताना दुपारी एक ते चारच्या मधले विमान घ्या. त्या वेळी धावपट्टीकडे जाणारी रांग लहान असते आणि नागपूरला उतरायला सहसा थांबावे लागत नाही. पावसाळ्यात मात्र घाटावरचे ढग टाळण्यासाठी वळसा पडतो, तेव्हा दहा-पंधरा मिनिटे जास्तीची धरा.

रानजाई

काका, परतीचे तिकीट पुढच्या गुरुवारी दुपारी दोनचे काढले आहे. त्या दिवशी मुलुंडहून घाटकोपरपर्यंत गाडीने, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथे गाडी बदलून पुढचेच स्थानक टर्मिनल २, असे करण्याचा विचार होता. पण बाबांना दोनदा जिने-सरकते जिने करावे लागतील, म्हणून थेट गाडीनेच नेईन आणि साडेदहाला घरातून निघेन. वही बरोबर असेलच. वेळा इथेच लिहीन.